बोरजाई फाट्यावरचं विमान

संयोगिता जगदाळे हिला माणसं आवडत नाहीत, असं बोरजाईच्या माळावर सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. तिला माणसांचं बोलणं आवडत नसे. गप्प बसलेल्या माणसाला ती तासभरसुद्धा सहन करू शके. विमान चालवायला शिकवणाऱ्या बाईच्या अंगी हा गुण असावा की नसावा, हे तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी ठरवायचं. ती पोरं तिच्याविषयी चांगलंच बोलत, पण लांब गेल्यावर.

विटा सोडून म्हसवडच्या दिशेनं निघालं की पुढं एक रस्ता माळात फुटतो. तो बोरजाई फाटा. फाट्यावर वडापावची एक गाडी, पंक्चर काढणाऱ्याची टपरी आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फलक, ज्यांतले काही सत्कारमूर्ती आता हयात नाहीत. आत गेलं की कुसळाचा माळ, माळावर डांबरी धावपट्टी, पत्र्याची मोठी शेड आणि शेडवर 'बोरजाई फ्लाइंग अकॅडमी' अशी पाटी. पाटीवर एक विमान आहे आणि विमानाच्या दुप्पट आकाराचे अकॅडमीचे मालक वीरधवल आहेत. आजोबांनी साखर केली, वडिलांनी दूध केलं, त्यामुळं नातवाला आकाशच उरलं होतं. स्वतः वीरधवलला विमानात बसलं की मळमळतं. पण ती गोष्ट पाटीवर येत नाही.

संयोगिता कराडजवळच्या मलकापूरची. वडील नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून परतलेले. घरात ते फारसं बोलत नसत, सूचना देत. बारावीनंतर मुलीनं वैमानिक व्हायचं काढलं तेव्हा भावकीत बरंच हसू झालं, आणि त्या हसण्यानंच तिला परवान्यापर्यंत नेलं असावं. पुढं एका विमान कंपनीच्या मुलाखतीत तुमचा मोठा दोष कोणता, असं विचारल्यावर तिनं 'मूर्ख प्रश्न ऐकवत नाहीत' असं उत्तर दिलं. ती परत आली आणि बोरजाईच्या माळावर शिकवायला लागली. काही वर्षांत मुख्य प्रशिक्षक झाली. सहा छोटी विमानं, पंचवीस-तीस पोरं, आणि त्यांना आकाशात एकमेकांवर आदळू न देण्याची जबाबदारी.

ही जबाबदारी ऐकायला वाटते त्याहून वाईट होती. मोठ्या विमानतळावर मनोरा असतो, रडार असतं, कोण कुठं आहे हे सांगणारा माणूस असतो. माळावर यातलं काही नाही. अशा ठिकाणी वैमानिकानं आपण कुठं आहोत ते रेडिओवर बोलून सांगायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकून, डोळे उघडे ठेवून आपापली वाट काढायची, अशी पद्धत आहे. जगभर ती चालते. तिला एकच गोष्ट लागते, माणसानं खरं सांगणं. आणि सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात 'कुठं आहेस' या प्रश्नाला खरं उत्तर देण्याची रीत नाही. लग्नाला वऱ्हाड खोळंबलेलं असो की दवाखान्यात पेशंट, फोनवरचा माणूस कायम 'फाट्यावर आलोय' असंच सांगतो. तो तेव्हा अंघोळीला पाणी काढत असतो. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं, त्यामुळं कुणाचं काही अडत नाही.

आकाशात अडतं. आणि ते अडवण्यात वीरधवलचे चुलते लालासाहेब यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लालासाहेबांना माळावर सगळे आबा म्हणत. वय साठीच्या बरंच पुढं. तरुणपणी ऊसवाल्या घरातल्या धाकट्या पोरानं करायचे सगळे शौक करून झाल्यावर विमानाचा शौक राहिला होता, तो टिकला. स्वतःचं दोन माणसांचं जुनं विमान, सहांतलंच एक, ते शेडच्या पहिल्या जागेवर. हात चांगला होता, हे संयोगितासुद्धा मान्य करी. पण रेडिओ हातात आला की आबा नातेवाइकांशी बोलल्यासारखे बोलत. परत येणारं प्रत्येक विमान बोरजाई फाट्यावर येऊन पट्टीकडं वळतं, म्हणून फाट्यावरून 'बोरजाई फाटा, वन थाउजंड' असं सांगायचं असतं. म्हणजे मी हजार फुटांवर आहे, आता उतरणार, बाकीच्यांनी थांबा. आबा ते दहा मैल आधीच सांगत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी त्यांनी पट्टी धरलेली असे. एकदा तर संयोगितानं त्यांना शेडमध्ये खाटेवर बसून, बशीत चहा ओतून घेऊन, हातातल्या रेडिओवर 'बोरजाई फाटा' म्हणताना धरलं होतं. थोड्या वेळानं उडायचं होतं, तेव्हा पट्टी मोकळी राहावी म्हणून. वर दोन पोरं घिरट्या घालत बसली होती.

तिनं जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "आगं, पोरं तेवढीच जास्त उडली की. शिकायलाच आलीत न्हवं?"

त्या दिवसापासून संयोगितानं नव्या यंत्राचा विषय लावून धरला. यंत्र साधं होतं. विमानाच्या टपावर उपड्या वाटीएवढा एक अँटेना बसतो, तो उपग्रहांवरून विमानाची जागा ओळखतो. मग ते यंत्र आपली जागा, उंची आणि वेग दर सेकंदाला आपणहून भोवतालच्या आकाशात सांगत राहतं. आसपासच्या विमानांत तसलंच यंत्र असेल तर त्यांच्या पडद्यावर हे विमान ठिपका होऊन दिसतं. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. तिच्या मनात भरलं ते हेच. मोठी विमानं हे कधीपासून वापरतात. छोट्या विमानांना तशी सक्ती नव्हती, आणि सक्ती नसलेली गोष्ट वीरधवलच्या गळी उतरवणं म्हणजे त्याला विमानात बसवण्यासारखंच होतं.

दोन वर्षं ती हेच बोलत राहिली. शेवटी तो तयार झाला, कारण शेजारच्या जिल्ह्यातल्या कुणीतरी असलं यंत्र बसवल्याचं त्याच्या कानावर आलं. पण अट घातली. आधी दोनच विमानांत बसवायची. दिवाळीपर्यंत बघायचं. काही भानगड झाली नाही तर उरलेल्या चार विमानांत बसवू, झाली तर ही दोनसुद्धा काढून टाकू आणि पुन्हा हा विषय माझ्यापुढं आणायचा नाही. एक यंत्र संयोगिता ज्यात शिकवायची त्या विमानात बसलं. दुसरं कुठं बसवायचं हे तिनं क्षणात सांगितलं. आबांच्या विमानात.

यंत्रांचं उद्घाटन झालं. यंत्राचं उद्घाटन कसं करतात हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून दुकानाचं करतात तसंच केलं. मांडव, सत्कार, फेटे. कारखान्याच्या कुणा उपाध्यक्षांनी विमानाच्या दाराला बांधलेली फीत कापली आणि या यंत्रामुळं भागातल्या शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळेल असं भाषणात सांगितलं. नारळ धावपट्टीवर फोडला. करवंटीचा तुकडा पंख्यात गेला तर पंखा जातो, म्हणून मंडळी जेवायला बसल्यावर मुख्य प्रशिक्षक बाई ओणवून पट्टीवरचे तुकडे वेचत होत्या. आबा शेजारी उभे राहून तुकडे दाखवत होते. त्यातल्या एकाचं खोबरं त्यांनी काढून खाल्लं.

यंत्रानं मात्र आपलं काम केलं. पहिल्याच आठवड्यात आबांनी फाट्याचा पुकारा केला तेव्हा पडद्यावर त्यांचा ठिपका पार दिघंचीच्या अंगाला होता. संयोगितानं रेडिओवर शांतपणे सांगितलं, आबा, तुम्ही दिघंचीवर आहात. शेडमधली पोरं आठवडाभर हसत होती. तिला असलं सुख पूर्वी कधी मिळालं नव्हतं. माणूस खोटं बोलतो, ठिपका बोलत नाही. तिनं पोरांना हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं की पोरं तिच्या आवाजात ते म्हणून दाखवायला लागली.

हळूहळू तिनं रेडिओचा आवाज कमी ठेवायला सुरुवात केली. आबा काहीतरी बडबडतायत, एवढंच कळावं इतपत. वर असताना ती आधी पडद्याकडं बघे, मग बाहेर. पुढं पडद्याकडंच बघे. तिला यात काही वावगं वाटलं नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा ते सापडलं होतं, मग ज्यांच्यावर ठेवायचा नाही त्यांच्याकडं लक्ष कशाला द्यायचं, असा तिचा हिशेब होता.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. शेडमधली सहाही विमानं धुऊन पुसून उभी केली, पान्यांना हळदकुंकू लागलं, इंधनाच्या टाकीला तोरण. पूजेला सगळे होते, संयोगिता सोडून. यंत्राला कुंकू लावणाऱ्यांना यंत्र कशानं चालतं ते कळत नाही, असं तिनं वीरधवलच्या तोंडावर सांगितलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सकाळभर शेडमधून घंटा आणि हसणं ऐकू येत होतं. प्रसाद घेऊन आलेल्या पोराला तिनं दारातूनच परत पाठवलं.

त्यामुळं आबांनी काय केलं ते तिला दिसलं नाही.

आबांच्या घरची बैलं जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण हौस गेली नव्हती. या भागात आषाढात बेंदूर असतो, तेव्हा बैलांची शिंगं रंगवून त्यांवर बेगड चिकटवतात. बेगड म्हणजे चकचकीत धातूचा पातळ कागद. ट्रॅक्टरला शिंगं नसल्यामुळं आबांचे बेंदूर सुने जात. त्याची कसर ते खंडेनवमीला विमानावर काढत. पंख्याला बेगड लावू नये, एवढी अक्कल त्यांना होती. पंखांची टोकं, शेपटीचा शेंडा, दाराच्या मुठी एवढं ते दर वर्षी मढवत. या वर्षी विमानाच्या टपावर एक नवी, छान, गोल, पांढरी वाटी आलेली. शिंगाच्या गोंड्यासारखी. आबांनी ती सोनेरी बेगडात व्यवस्थित गुंडाळली, कडेनं चिकटपट्टी मारली आणि वर कुंकवाचं बोट लावलं. आतल्या पडद्यालाही झेंडूची माळ घातली. तो पडदा ते एरवीही बघत नसत.

दुसऱ्या दिवशी दसरा. माळावर सुट्टी. संयोगितानं सृष्टी नावाच्या इस्लामपूरच्या विद्यार्थिनीला मात्र सकाळी बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यात मुलीची परीक्षा होती. सणाला सुट्टी मागणाऱ्यानं बँकेत जावं, हे बाईंचं ठरलेलं उत्तर असल्यामुळं सृष्टीनं सुट्टी मागितलीच नाही. दोघी उडाल्या आणि पश्चिमेला औंधाकडं गेल्या. यमाईच्या डोंगराला वळसा घालून वळणं, चढ, उतार असा सगळा सराव झाला. सृष्टी बरं चालवत होती, म्हणून संयोगिता काही बोलत नव्हती. तासाभरानं परत फिरल्या. समोर पूर्वेचं ऊन, खाली ओल्या शिवारावर धुकट.

दरम्यान आबांना सीमोल्लंघन करायचं होतं. गावाची शीव लोक पायी ओलांडतात. आबा दर दसऱ्याला सांगली जिल्ह्यातून उडून सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडत आणि म्हसवडच्या अंगाला एक फेरी मारून सोनं लुटल्याच्या थाटात परत येत. एरवी हे संध्याकाळी होई. या वर्षी संध्याकाळी त्यांना कुठं जेवायला जायचं होतं, म्हणून सकाळीच उरकून घेतलं. कुणाला सांगितलं नाही. सुट्टी होती, कुणाला सांगणार?

सृष्टीचं विमान फाट्याच्या जवळ आलं तेव्हा पडद्यावर त्यांच्या स्वतःच्या खुणेखेरीज काही नव्हतं. स्वच्छ, रिकामा पडदा. तेवढ्यात रेडिओवर बारीक आवाजात आबा म्हणाले, "बोरजाई फाटा, वन थाउजंड, लँडिंगला येतोय."

सृष्टीनं मान वळवून बाईंकडं पाहिलं.

"आबा खाटेवर चहा पितायत," संयोगिता म्हणाली. "तू समोर बघ."

सृष्टीनं समोर पाहिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मॅडम, उन्हात काहीतरी आहे."

"घार असेल. पडद्यावर काही नाही."

"मॅडम," सृष्टी म्हणाली, "घारीला चाकं नसतात."

संयोगितानं मान वर केली. समोरच्या काचेत उन्हातून एक काळी आकृती बाहेर पडत होती, पंख दोन्ही बाजूंना सारखे, म्हणजे सरळ अंगावर. तिनं सृष्टीच्या हातातून दांडा हिसकावून विमान उजवीकडं आणि खाली टाकलं. डाव्या खिडकीवरून आबांचं विमान गेलं, इतक्या जवळून की शेपटीवरचं सोनेरी बेगड फडफडताना दिसलं. मग खाली फाटा, वडापावची गाडी, आणि वर बघणारी चार माणसं.

उतरल्यावर सृष्टी विमानातून बाहेर आली, पंखाखाली बसली आणि बसूनच राहिली. संयोगिता तिच्याजवळ थांबली नाही. ती सरळ आबांच्या विमानाकडं गेली. आबा नुकतेच उतरत होते, खिशात आपट्याची पानं.

"काय गं पोरी, यवढी खाली का गेलीस?" त्यांनी विचारलं. "मला दिसलीस की तू. म्हटलं, हिच्याकडं त्ये यंत्र हाय, हिला आधीच दिसलं आसंल, हीच वळंल. म्हणून सरळ आलो. न्हाईतर मीच वळलो असतो."

ती पायरीवर चढली आणि टपावर पाहिलं. मग तिनं आबांना इंजिन न लावता यंत्र चालू करायला सांगितलं आणि आपल्या विमानाचा पडदा बघायला शेडवर आलेल्या एका पोराला बसवलं. पडद्यावर काही नाही. तिनं बेगड सोलून काढलं. काही मिनिटांनी पोरगं ओरडलं की ठिपका आला. तिनं बेगड पुन्हा वाटीवर दाबून धरलं. थोड्या वेळानं ठिपका गेला. सणाचे कपडे घालून आलेले चार-पाच जण तिथं जमले होते. त्यांनी हा खेळ आणखी एकदा करायला लावला.

आबा बराच वेळ वाटीकडं बघत होते. "कागदानं आंधळं हुतंय व्हय हे?" ते म्हणाले. "मग मला सांगायचंस की गं. मी कुंकूच लावलं असतं नुसतं."

सांगायला ती तिथं नव्हती, हे त्यांनी म्हटलं नाही. तेवढं त्यांच्या लक्षात आलं नसावं.

दुपारी वीरधवलनं दोघांना कार्यालयात बोलावलं. फाट्यावरच्या चार माणसांनी तोवर तालुकाभर फोन केले होते. संयोगितानं झालं ते सांगितलं. अँटेनावर धातूचा कागद, त्यामुळं उपग्रहाचे संकेत बंद, त्यामुळं जागा कळली नाही, त्यामुळं पडदा रिकामा. वीरधवलनं ऐकून घेतलं. तो नव्या सदऱ्यात होता आणि त्याला सोनं वाटायला बाहेर पडायचं होतं.

"म्हणजे बेगडानं बंद पडणारी वस्तू तुम्ही मला घ्यायला लावली," तो म्हणाला. "आबा म्हातारे आहेत, सण होता, हौस केली. उद्या पोरं आणखी काहीतरी करतील. संपला विषय. दोन्ही काढून टाका. आपलं रेडिओवरचं बरं होतं. इतकी वर्षं कुणी मेलं का?"

संयोगिता समोर उभी होती. तिच्या बाजूनं बोलायला बरंच होतं. चूक आबांची, हे ढळढळीत होतं. पण चुलत्याची चूक या घरात चूक धरत नाहीत आणि वस्तूची धरायला कुणाचा मान आड येत नाही. यंत्र निघणार. उरलेल्या चार विमानांत ते कधी बसणार नाही, आणि माळावरची पंचवीस-तीस पोरं पुन्हा 'फाट्यावर आलोय'च्या भरवशावर उडणार. हे थांबवायचं तर यंत्राच्या माथ्यावरचा दोष दुसऱ्या कुणाच्या तरी माथ्यावर जायला हवा होता, आणि ज्याला काढून टाकता येतं अशाच्या.

तसं एक माणूस होतं. रेडिओवरचं बोलणं कुठं साठवलेलं नव्हतं. सृष्टी तोंड उघडणार नव्हती. आबा दिवसातून इतक्यांदा फाट्यावर असत की आपण आज तिथं असल्याचं बोललो होतो की नाही हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं.

"यंत्र बंद होतं तेव्हा दुसरी सूचना मिळाली होती," ती म्हणाली. "आबांनी रेडिओवर सांगितलं होतं, फाट्यावर आहे, हजार फुटांवर. मी ऐकलं. मला ते खोटं वाटलं."

वीरधवलनं आबांकडं पाहिलं.

"म्हणलो आसंन," आबा म्हणाले. "कायमच म्हणतो की मी."

"आज खरं होतं," संयोगिता म्हणाली. "सृष्टीलाही विमान दिसलं होतं. तिनं मला दोनदा सांगितलं. मी तिला घार म्हणाले. यंत्रानं खोटं सांगितलं नाही, दादा. त्यानं काहीच सांगितलं नाही. ज्यांनी सांगितलं त्यांचं मी ऐकलं नाही. काढायचंच असेल तर मला काढा."

वीरधवलच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. दोष द्यायला माणूस मिळाला होता, तोही नात्याबाहेरचा, पगारी, आणि स्वतःहून आलेला. त्यानं खुर्चीत मागं टेकून थोडा वेळ गंभीर चेहरा केला. मग निर्णय सांगितले. दिवाळीपर्यंत कशाला, आता लगेच चारही विमानांत यंत्र बसवू, म्हणजे लोकांना दिसेल की आपण सुरक्षेच्या बाबतीत किती जागरूक आहोत. टपावरच्या वाटीला कुणी हात लावायचा नाही, अशी पाटी शेडमध्ये लावू. बाईंचं मुख्य प्रशिक्षकपद तूर्त आबांकडं. बाहेरचा परीक्षक येऊन बाईंची तपासणी करेपर्यंत त्यांनी विद्यार्थ्याला वर न्यायचं नाही.

"माझ्याकडं?" आबांनी विचारलं.

"तुमच्याकडं," वीरधवल म्हणाला. "तुम्ही आज खरं बोललात."

आबांनी खिशातून आपट्याचं पान काढून संयोगिताच्या हातात दिलं. वडीलधाऱ्यानं पान दिलं की पाया पडायचं असतं. ती पडली नाही, पण पान घेतलं.

महिनाभरात चारही यंत्रं बसली. उद्घाटन पुन्हा झालं, उपाध्यक्ष पुन्हा आले, या वेळी ते शेतीमालाऐवजी महिला सक्षमीकरणावर बोलले. संयोगिता तेव्हा शेडमागच्या खोलीत पोरांना वर्ग घेत होती, कारण जमिनीवर शिकवायला तिला परवानगी होती. विषय होता विमानातून बाहेर कसं बघायचं. पडद्यावर नजर किती वेळ ठेवायची, बाहेर किती, रेडिओचा आवाज कुठं ठेवायचा. ती नेहमीसारखीच शिकवत होती. उत्तर चुकलेल्या एका पोराला तिनं विचारलं की घरी कुणी तुझ्याशी बोलतं का. मधूनच बाहेरून नव्या मुख्य प्रशिक्षकांच्या भाषणाचा आवाज येत होता. आकाशात डोळे कसे उघडे ठेवावेत, हे ते पाहुण्यांना सांगत होते.

वर्ग सुटल्यावर सृष्टी मागं राहिली. तिची परीक्षा पुढं ढकलली गेली होती. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ती वहीची कड दुमडत होती. संयोगितानं तिला बोल म्हणून सांगितलं.

"तपासणी झाल्यावर तुम्ही परत शिकवणार ना, मॅडम?"

"झाली तर."

"माझा राहिलेला सराव मला दुसऱ्या कुणाबरोबर तरी करायचा आहे."

"आबांबरोबर?"

"कुणाबरोबरही."

"कारण सांग. मला लिहावं लागेल."

सृष्टीनं वही मिटली. "तुम्ही ऐकत नाही," ती म्हणाली.

"बरोबर आहे," संयोगिता म्हणाली, आणि फळा पुसायला वळली.

सृष्टी टोमण्याची वाट बघत थोडा वेळ दारात उभी राहिली. तो आला नाही. त्यानं ती जास्तच घाबरली आणि निघून गेली.